आधी वासराला

छबूबाईबद्दल कुणी लिहिणार नाही. गावातल्या माणसावर लिहायचं ठरलंच तर लोक सरपंचावर लिहितात, नाहीतर एखाद्या पैलवानावर. बाळंतिणीच्या अंगाला तेल लावणाऱ्या म्हातारीवर कोण कागद खराब करतंय? म्हणून मी लिहितेय. माझी शाळा सातवीत सुटली, ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकतात. पण छबूबाईच्या बाबतीत जे झालं, त्यातलं निम्मं माझ्या तोंडामुळे झालं, आणि ते दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही.

छबूबाई निघोज्याची. जमीन कंपनीत गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलगा दादासाहेब, त्यानं रस्त्याला तीन मजली इमारत बांधली, वर कामगारांना खोल्या दिल्या, खाली पार्किंगमध्ये दोन टेम्पो. टेम्पोंच्या मधे एक गाय बांधलेली. ती छबूबाईची. गोठा पाडला तेव्हा म्हातारी म्हणाली, गाय जाईल तिकडं मी जाईन. मग गायही राहिली.

घरात सगळं होतं. तरी ही बाई सकाळी कापडी पिशवी घेऊन शेअर रिक्षात बसायची आणि तळवडे, चिखली, कुठं कुठं जायची. कामगारांच्या दहा बाय दहाच्या खोल्या. माहेर लांब, सासर लांब, पहिलटकरीण एकटी, नवरा शिफ्टला. अशा खोलीत छबूबाई शिरायची, पदर खोचायची आणि पहिला प्रश्न विचारायची, "पाणी तापलं का?"

दादासाहेबाला लाज वाटायची. माझ्यासमोर एकदा म्हणाला, "आये, पुरे कर आता. लोक म्हनत्यात, दादासायबाची आई कुना-कुनाची पोरं धुती."

"तुला बी मीच धुतलाय," म्हातारी म्हणाली. "तवा काय म्हनत व्हते लोक?"

पाय पसरून पाटावर बसायची, बाळ नडग्यांवर पालथं. हाताची बोटं जाड, नखं कापून कापून बुडापर्यंत गेलेली. पण बाळाच्या पाठीवर फिरली की रडणारं पोर गप्प. बिहारची बाई असो, मराठवाड्याची असो, बुरखा काढून बसलेली असो, छबूबाईनं कधी जात-गोत विचारलं नाही. म्हणायची, "उघड्या पोराला जात नसती, निस्ता शेंबूड असतो." बाळाचं झालं की बाळंतिणीला घ्यायची. कंबर, पोटऱ्या, डोकं. मग शेगडीवर ओवा-वावडिंगाची धुरी. मी कामगार संघटनेत शेकडो बायका बघितल्या, पण दुसऱ्याच्या अंगाला इतक्या मानानं हात लावणारी हीच एक.

पिशवीत एक पितळी वाटी असायची. तिचं काम पहिल्या तीन दिवसांचं. बाळंतिणीला पहिलं दूध येतं ना, घट्ट, पिवळसर, चीक म्हणतात त्याला, ते छबूबाई त्या वाटीत पिळून काढायची. पोराला पाजायचं नाही. जड असतं, बाधतं, असं तिला तिच्या सासूनं सांगितलेलं, सासूला तिच्या सासूनं. तोवर बाळाला मधाचं बोट, गुळाचं पाणी. वाटीतला चीक कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून झाडाच्या बुडाशी ओतायचा, हात जोडायचे आणि परत यायचं. वाईट हेतूनं कुणी हात जोडत नाही, हे मला आज कळतंय.

माझ्या मुलीच्या वेळी माझाही तिनंच पिळला होता. मी मुकाट बसले होते. तेव्हा मला काही माहीत नव्हतं. पुढं संघटनेत आले, अंगणवाडीच्या एका प्रशिक्षणाला जाऊन बसले, तिथं कळलं की तो चीक म्हणजे बाळाची पहिली लस. घरी येऊन मुलीकडं बघत बसले होते बराच वेळ. ती तेव्हा चौथीत होती, धडधाकट. पण मनात एक काटा बसला तो बसलाच.

आता रंभाची गोष्ट. रंभा परभणीकडची, चाकणला एका कंपनीत ठेकेदाराकडं वायरिंगच्या लाइनवर होती. सातवा महिना दिसायला लागला तसा ठेकेदारानं तिचा गेटपास काढून घेतला. ती बाळंत झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी त्याचा जाब विचारायला त्या गेटवर तीन तास उन्हात उभी होते. आत घेतलं नाही. सिक्युरिटीवाला मला म्हणाला, "मॅडम, साहेब मीटिंगमध्ये आहेत." मॅडम म्हणाला की समजायचं, आज काही होत नाही. डोकं असं तापलं होतं की त्यावर भाकरी शेकली असती. तशीच चिखलीला रंभाच्या खोलीवर गेले.

खोलीत रंभा भिंतीला टेकून बसलेली, ब्लाउज उघडा. बाळ गोधडीवर रडून रडून लाल झालेलं, तोंडात कापसाचा बोळा, मधात बुडवलेला. आणि छबूबाई वाटी घेऊन दाराकडं निघालेली.

"काय आहे त्यात?" मी विचारलं.

"चीक," म्हातारी म्हणाली. "वतून येती कढीपत्त्याखाली. तू बस, पानी पी. लई तापलीस."

"दवाखान्यात सिस्टरनं पाजायला सांगितलंवतं, ताई," रंभा हळूच म्हणाली. "पर आजी म्हनल्या..."

मी दारात आडवी झाले. "आजी, एक सांगा. गाय व्याली की पहिला चीक कुणाला पाजता?"

"वासराला," ती लगेच म्हणाली. "आधी वासराला, मग खरवसाला. वासराला न्हाई मिळाला तर वासरू टिकत न्हाई, हे काय इचारनं झालं व्हय?"

"आणि माणसाच्या पोराला?"

ती उभी राहिली. तिनं हातातल्या वाटीकडं बघितलं. खरं तर तिथंच थांबायचं होतं. तिचं तिला कळलं होतं, मला तिच्या डोळ्यांत दिसलं होतं. पण माझ्या अंगात अजून तो गेट होता, तो सिक्युरिटीवाला होता, तीन तासांचं ऊन होतं. ठेकेदाराला जे बोलायचं राहिलं होतं ते मी सत्तरीच्या म्हातारीला बोलले.

"वासरं जगवलीस गं तू, पण पोरं किती घालवलीस अशी? मोजलीस कधी?"

मी तिला अहो-जाहो करायचे. त्या दिवशी 'तू' म्हणाले.

छबूबाईनं वाटी खाली ठेवली. अगदी जपून, सांडू न देता. पिशवी उचलली, चप्पल घातली आणि गेली. बाळाला अंघोळ घातलेली नव्हती. असं तिनं जन्मात केलं नव्हतं.

रंभाच्या बाळाला मी तिथल्या तिथं छातीशी लावायला लावलं. दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा त्यानं धरलं. मी जिंकल्यासारखी घरी आले.

त्यानंतर बायकांकडून कळायला लागलं की छबूआजी आता कुणाकडं जात नाही. गुडघे दुखतात म्हणे. मी म्हटलं, बरंच झालं. माझा स्वभाव असा आहे, चूक कळायला वेळ लागत नाही, कबूल करायला लागतो. चार महिने मी निघोज्याकडं फिरकले नाही. शेवटी रंभानंच ती वाटी घासूनपुसून माझ्या हातात दिली. म्हणाली, "ताई, तुमी काई बी म्हना, माझ्या आईनं चोळली नसती अशी कंबर चोळली त्यांनी. वाटी नेऊन द्या. मला बघवंना झालीय."

गेले. छबूबाई पार्किंगमध्ये गायीजवळ बसली होती, टेम्पोच्या सावलीत. पलीकडं कंपनीचा भोंगा झाला, बसगाड्या भरभरून निघाल्या. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "ये पुढारनी. बस."

ती मला पुढारीणच म्हणायची. मी वाटी पुढं केली. तिनं हात लावला नाही.

"ठिव तुज्याकडं. मला नगं."

मग गायीपुढचा चारा सारखा केला. मी उठणार तेवढ्यात बोलायला लागली.

"दुष्काळाच्या साली मला पयली पोरगी झाली. सतरा वर्सांची असंन मी. सासूनं सांगितलं, तीन दिस पिळून टाक. म्या टाकला. पोरगी रडायची, गुळाचं पानी द्यायचो. त्याच आठवड्यात आमची कपिली व्याली. मी बाजंवर पडलेली, खोलीचं दार लावल्यालं. भाईर सासू वरडत व्हती गड्यावर. 'अरं मुडद्या, धार नगं काढू, आधी वासराला सोड! आधी वासराला!' मला आत ऐकू आलं. ऐकत व्हते आन् हिकडं वाटीत पिळत व्हते."

तिनं हात तसाच धरला, अंगठा आणि बोट, हवेत.

"चवथ्या दिशी गेली पोरगी. पाचवी बी पुजायची ऱ्हायली व्हती. नाव न्हाई ठिवलं. सटवीनं लिवलंच न्हाई तिच्या कपाळी काय, म्हनाले सगळे. मी बी तेच म्हनत आले. पन्नास वर्सं झाली. वासरू मोठं झालं, त्याला औताला जुपून आमी जमीन नांगरली. तवा न्हाई कळलं, कवाच न्हाई कळलं. तू त्या दिशी बोललीस आन् मला सासू पुन्यांदा ऐकू आली."

मी गायीच्या पाठीकडं बघत बसले.

"किती घालवली, मोजलीस का, म्हनलीस. मोजती हाय. पयली माझीच धरली. म्होरं मोजती. कुनाकुनाची नावं आठवत न्हाईत, तोंडं आठवत्यात."

तिथं मी माफी मागायला हवी होती. माझी मुलगी जगली, आजी, तुमच्या हातची शेकडो पोरं जगली, एवढं तरी म्हणायला हवं होतं. मोर्चात माईक दिला तर मी तासभर बोलते. तिथं नुसता चहा पिऊन निघून आले. वाटी पिशवीत परत.

आषाढात रणजीतचा फोन आला. रणजीत म्हणजे दादासाहेबाचा मुलगा, छबूबाईचा नातू. त्याची बायको प्राजक्ता, पहिलीच खेप, सातवा नुकताच लागला होता. प्रेशर एकदम वाढलं आणि निगडीच्या बाजूला एका मोठ्या हॉस्पिटलात सिझर करावं लागलं. मुलगी झाली. वजन नऊशे ग्रॅम. "ताई, आजी तुम्हाला बोलावतेय," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीये."

छबूबाई बाळांच्या काचेच्या खोलीबाहेर बाकड्यावर बसली होती. मला बघून उठली, माझं मनगट धरलं.

"पुढारनी, तुला बोलता येतं. त्या शिस्टरला सांग, पयला चीक माज्या पनतीला द्या म्हनावं. दुसरं कायबी घालू नगा. माजं कोन ऐकनार हितं?"

दादासाहेब तिथंच होता, डोळे सुजलेले. "आये, पावडरचा डबा आनतो की इंपोर्टेड, सगळ्यात भारी. हिला कुठं दूध आलंय?"

"तू गप," म्हातारी म्हणाली.

सिस्टर केरळची होती, मराठी मोडकी पण माणूस सरळ. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. ती म्हणाली, "आम्हाला पण तेच पाहिजे, मावशी. अर्धा मिली मिळाला तरी पाहिजे. बाळ ओढणार नाही, खूप छोटा आहे. नळीतून देणार, तोंडात थोडा लावणार. पण आईला येत नाही. मशीन लावला, काही नाही आला."

प्राजक्ता कॉटवर पडलेली, टाके ओले, बाळ अजून एकदाच लांबून बघितलेलं. "माझ्यात नाहीच आहे काही," एवढंच म्हणत होती. बी. कॉम. झालेली पोरगी, एरवी फाडफाड बोलणारी.

छबूबाईनं सिस्टरनं सांगितलं तसे कोपरापर्यंत साबणानं हात धुतले. दोनदा. मग प्राजक्ताच्या शेजारी बसली आणि आधी छातीला हातच लावला नाही. पाठ चोळली, मानेपासून खाली, हळूहळू. तिला लहानपणीचं काहीबाही विचारत राहिली. सासरी आलीस तेव्हा गायीला कशी भीत होतीस गं, म्हणाली. प्राजक्ता रडता रडता हसली. तेव्हा कुठं म्हातारीनं अंगठा आणि बोट टेकवलं. दाबलं, सोडलं. दाबलं, सोडलं. मी सिस्टरनं दिलेली उकळलेली छोटी वाटी धरून उभी. माझी पिशवी खांद्यालाच होती, तिच्यात ती पितळी वाटी तशीच. आम्हा दोघींनाही ते माहीत होतं.

पहिला थेंब आला तो पिवळाधमक. वाटीत पडला, पसरलासुद्धा नाही.

"आला गं बाय, आला," छबूबाई म्हणाली. तिचा आवाज फाटला.

पंधरा-वीस मिनिटांत सात-आठ थेंब. सिस्टरनं ते सिरिंजमध्ये ओढून घेतले, वाटीच्या तळाला बोटाला लागेल एवढं चिकटलेलं होतं तेही घेतलं. म्हणाली, "आजी, तुमचा हात मशीनपेक्षा भारी."

मग तेच सुरू झालं. दर दोन-तीन तासांनी. छबूबाई घरी गेलीच नाही. बाकड्यावर बसून डुलकी घ्यायची, सिस्टर आली की हात धुवायला उठायची. दुसऱ्या दिवशी दोन मिली. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. काचेतून पणतीला बघायची, नाकातोंडात नळ्या, अंगावर मूठभर मांस. "पितीया," म्हणायची, "नळीनं का व्हईना, पितीया." दादासाहेब डब्याचं नाव पुन्हा काढेना. आईसाठी घरून भाकरी-पिठलं आणायचा आणि बाकड्याच्या टोकाला बसायचा.

पाचव्या दिवशी तिनं माझ्याकडं कोरा कागद आणि पेन मागितलं. सटवीसाठी. हॉस्पिटलात पूजा कशी करणार? कागद-पेन प्राजक्ताच्या उशाखाली ठेवलं. एरवी अशा गोष्टींवर मी भाषण दिलं असतं. माझंच पेन होतं, गप्प काढून दिलं.

सहाव्या दिवशी सकाळी बाळ गेलं.

डॉक्टर खाली येऊन बोलले. फुप्फुसं तयार नव्हती, म्हणाले. एवढ्या लहान बाळांत काही निभावतात, काही नाही निभावत. दुधानं जेवढं करायचं तेवढं केलं, तुमच्याकडून काही कमी पडलं नाही. माणूस चांगला होता, खोटा वाटला नाही. रणजीत आणि दादासाहेब ते गाठोडं घेऊन निघोज्याला गेले. प्राजक्ताचं प्रेशर अजून उतरलं नव्हतं, तिला सोडत नव्हते. छबूबाई तिच्यापाशी थांबली.

त्या दोघांना वाटेला लावून मी परत वर आले तेव्हा ती बाहेर बाकड्यावर होती. तिच्या हाताला अजून त्या साबणाचा वास येत होता. मी शेजारी बसले. तिनं माझ्याकडं बघितलं, डोळे कोरडे.

"हिला तर समदा मिळाला," ती म्हणाली. "येक थेंब वाया न्हाई गेला. तू व्हतीस, तू बघितलंस."

"हो."

"तरी गेली."

"आजी, डॉक्टर म्हणाले ना, तिची छातीच..."

"ते ऐकलं मी. मला दुसरं सांग. माजी जगली असती का न्हाई? माजी तर भरल्या दिसांची व्हती. चांगली रडायची, गल्लीत ऐकू जायचं. तिला पाजला असता तर जगली असती? का तरी गेली असती?"

मला वाटलं, सांगून टाकावं. नसती जगली, आजी, दुष्काळाचं साल होतं, तुमचा दोष नाही. म्हटलंही तसं. "नसती जगली."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "खोटं बोलाय येत न्हाई तुला."

"माहीत नाही मग. खरंच माहीत नाही. कुणालाच सांगता येणार नाही."

"मग त्या दिशी येवढ्या खात्रीनं का बोललीस?"

रागानं नाही विचारलं तिनं. नुसतं विचारलं. ठेकेदाराला, साहेबाला, पोलिसाला, सगळ्यांना माझ्याकडं उत्तर असतं. मी तिचा हात धरला. ती जाड बोटं गार पडली होती. "चुकलं माझं," मी म्हणाले. तिनं हात काढून घेतला नाही, एवढंच.

आतून प्राजक्तानं हाक मारली. "आजी..."

आम्ही दोघी आत गेलो. ती उठून बसली होती, गाऊन पुढून ओला झालेला. जाणारं गेलं होतं आणि दूध आता आलं होतं, खरं पांढरं दूध, भरभरून. दुखत होतं तिला, चेहऱ्यावर दिसत होतं. घरून कुणीतरी छातीला बांधायला सुती फडकं पाठवलं होतं, ते कॉटच्या पायथ्याशी घडी करून ठेवलेलं. छबूबाईनं ते उचललं, मग परत ठेवलं. हात धुवायला बेसिनकडं गेली. साबण लावला, कोपरापर्यंत.

"थोडं काढून घेती, पोरी. ठणका कमी व्हईल. मग बांधू."

प्राजक्तानं गाऊनच्या गुंड्या सोडल्या. पहिल्या धारेनं सिस्टरची छोटी वाटी अर्धी भरली. छबूबाईनं ती उचलली आणि नुसती धरून उभी राहिली. ओतायला इथं झाड नव्हतं. बेसिन होतं.

"आजी," प्राजक्ता म्हणाली, भिंतीकडं बघत, "टाकू नका ते."

छबूबाई माझ्याकडं वळली. काचेच्या खोलीत अजून चार पेट्यांत चार बाळं होती, आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"ऐकलंस ना, पुढारनी?" ती म्हणाली. "जा. शिस्टरला इचार, याचं काय करायचं. टाकायचं न्हाई म्हनावं."

मी विचारायला गेले.